एकाआड एक

आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका सहा वर्षं मी काढली. धाराशिवला बस स्टँडसमोर माझं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, छपाई आणि वजनकाट्याचे प्रोग्रॅम. पाटीवर शेवटची गोष्ट सगळ्यांत लहान अक्षरांत आहे, पण घर तिच्यावर चालतं. प्रोग्रॅम लिहायला मला कुणी शिकवलं नाही. ढोकीकडच्या एका गुळाच्या कारखान्यात काट्यावर बसून ट्रॉल्यांच्या पावत्या फाडता फाडता मी ते शिकलो, शिव्या खात खात शिकलो. सौदा करायलाही तिथंच शिकलो. समोरचा आधी बोलला की तो अर्धा हरला, हे मला ट्रॅक्टरवाल्यांनी शिकवलं.

सातव्या वर्षी समितीनं पुण्याच्या एका कंपनीकडून वेबसाइट करून घेतली. लोकांनी घरी बसून अर्ज भरायचे, आणि शेवटी सगळ्या अर्जांची मिळून एक एक्सएमएल फाइल यायची. तिच्यातून पुस्तिकेची पानं तयार करायला प्रोग्रॅम लागणार होता. मी बैठकीला भाव मनात ठरवून गेलो होतो, दोन पायऱ्या खाली यायचीही तयारी होती. माझी पाळी यायच्या आधीच सर उठले.

सर म्हणजे इथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेले, मूळचे तुळजापूरचे, तीन पिढ्या मास्तरकी असलेल्या घरातले. आवाज खणखणीत. माईक नसला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचा.

"टायपिंग वेगळं आणि प्रोग्रॅमिंग वेगळं," सर म्हणाले. "समाजाच्या मुलींची माहिती आहे ही. दुकानदाराच्या हाती कशी द्यायची? हा काट्यावरचा गडी. उद्या एखाद्या पोरीच्या परिचयात उंचीच्या जागी ट्रॉलीचं वजन छापील."

सगळे हसले. अध्यक्ष, ज्यांना आख्खा समाज अण्णा म्हणतो, ते तर डोळे पुसत हसले. मीही हसलो, कारण त्या वेळी दुसरं काही करता येत नव्हतं. सर काम फुकट करणार होते. फुकटाशी भाव करता येत नाही. मी चहा न घेता निघालो आणि घरी जाऊन विनाकारण बायकोवर ओरडलो. ते हसू माझ्या कानात पुढं पाच महिने राहिलं.

मेळावा रविवारी होता. त्याच्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी सर माझ्या दुकानात आले. हातात पुस्तिकेचं प्रूफ, खिशात पेन ड्राइव्ह. गिऱ्हाइकं होती. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि मुद्दाम तीन जणांची झेरॉक्स आधी काढली. मग म्हणालो, "बोला सर. लई दिवसांनी आठवण झाली."

"प्रोग्रॅम काही अर्ज सोडतोय," ते म्हणाले. आवाज खाली होता. "तुम्ही जरा बघता का?"

पंधरा वर्षांच्या ओळखीत सरांनी मला पहिल्यांदा तुम्ही म्हटलं. मी ते ऐकून ठेवलं.

झालं होतं असं की पुस्तिका बारीक निघाली होती आणि तरी कुणाला संशय आला नव्हता. अनुक्रमांक सरांचा प्रोग्रॅमच टाकत होता, त्यामुळं आकडे एकापासून शेवटपर्यंत सलग दिसत. मध्ये कुठं खाडा नाही. अण्णांनी प्रूफ चाळून सांगून टाकलं होतं की यंदा अर्ज कमी आले, आपल्या लोकांना मोबाईलवर फॉर्म भरता येत न्हाईत. सरांनाही ते पटलं होतं. मग त्यांनी स्वतःच्या मुलीचं पान शोधलं, तर ते नव्हतं.

त्यांची मुलगी तेरच्या शाळेत शिक्षिका. तेहतीस वर्षांची झालेली. एकदा साखरपुडा होऊन मोडला होता, त्यानंतर तीन वर्षं ती कुठल्याच मेळाव्यात नाव घालू द्यायला तयार नव्हती. यंदा कशीबशी तयार झाली. पान दिसेना म्हणून सर आधी तिच्यावरच खवळले, की तू मुद्दाम अर्ज भरला नाहीस. तिनं मोबाईलवर आलेला पोहोच मेसेज त्यांच्यासमोर धरला, तेव्हा त्यांना प्रोग्रॅमची आठवण झाली.

घाई का, तेही त्यांनी सांगितलं. परंड्याचं एक स्थळ होतं, मुलगा औषधाच्या दुकानाचा मालक, घरचे सरांच्या ऐकण्यात चांगले. पण त्या घरचे थोरले चुलते पुस्तिकेशिवाय बोलत नसत. आमच्यात रीतच तशी आहे. पुस्तिकांचे गठ्ठे शुक्रवारी एसटीनं तालुक्याच्या गावांना जातात, शनिवारी घरची मोठी माणसं बसून पानं चाळतात आणि पसंत पानांचे कोपरे दुमडतात. रविवारी हॉलमध्ये फक्त दुमडलेल्या पानांच्या माणसांशी बोलणं. पान नाही, म्हणजे माणूस नाही.

"छापखानावाला उद्या दुपारी बारापर्यंत थांबतो म्हणालाय," सर म्हणाले. "काय घ्याल ते सांगा."

आधी तेच बोलले. मी फाइल उघडली, त्यांचा प्रोग्रॅम उघडला, आणि दहा मिनिटांत चूक माझ्या डोळ्यांसमोर होती. त्यात माझी हुशारी काही नव्हती. हीच चूक मी गुळाच्या काट्यावर करून बसलो होतो आणि ट्रॅक्टरवाल्यांनी मला खोलीत कोंडलं होतं.

ती समजायला फार शिकावं लागत नाही. प्रत्येक अर्जात फोटोही अक्षरांच्या रूपात कोंबलेला, त्यामुळं फाइल अवाढव्य. एकदम सगळी उचलली तर साधा कॉम्प्युटर झोपतो. म्हणून ती एकेक घास मागून वाचायची. प्रोग्रॅम म्हणतो, पुढचं दे. फाइल सांगते, इथं अर्ज सुरू झाला. पुढचं दे. इथं नाव सुरू झालं. पुढचं दे. हा मजकूर. पुढचं दे. नाव संपलं. मागितल्याशिवाय ती आपणहून एक अक्षर सांगत नाही, आणि एकदा सांगून झालेलं परत सांगत नाही. सरांनी एक तयार हुकूम वापरला होता, जो आख्खा अर्ज एका दमात वाचतो आणि वाचून झाल्यावर पुढच्या जागी जाऊन उभा राहतो. तिथं उभा असतानाच सरांचा प्रोग्रॅम पुन्हा म्हणत होता, पुढचं दे. म्हणजे दारात उभ्या असलेल्या अर्जाला बघायच्या आतच तो पुढं सरकायचा. मग त्या अर्जाच्या पोटातलं सगळं बेवारशासारखं निघून जायचं, कारण त्याची सुरुवात कुणी पाहिलेलीच नसायची. तिसरा सापडायचा, चौथा जायचा. एकाआड एक.

कंपनीनं चाचणीला दिलेली छोटी फाइल नीट ओळी पाडून लिहिलेली होती. तिच्यात दोन अर्जांमध्ये कोरी ओळ होती आणि जास्तीचा हुकूम ती ओळ गिळत होता. बिघडलं काहीच नाही. खऱ्या फाइलमध्ये ओळी नव्हत्या. अर्जाला अर्ज चिकटलेला. तिथं गिळायला माणसंच होती.

एक शब्द खोडायचा होता. मी कॉम्प्युटरवरून हात काढले.

"पैसे नकोत सर," मी म्हणालो.

"मग?"

"बैठकीत जे बोललात ते अण्णांसमोर माघारी घ्या. इथं, दुकानात."

सर स्टुलावर सरळ झाले. "ते मी हसण्यावारी बोललो होतो."

"व्हय, हसलेच की सगळे."

"मी अण्णांना फोन करतो. स्पीकरवर ठेवतो."

"फोन न्हाय. समोर."

"अहो, अण्णांना कशाला यात... मी तुमची माफी मागतो. आत्ता मागतो, चला."

"एकट्यात मागून काय करू? हसताना तुम्ही एकटे होता का?"

"रात्रीतून काम झालं असतं," ते म्हणाले.

"उद्या दहाला या. अण्णांना घेऊन. बारा वाजायला दोन तास राहतात, लई झाले."

म्हशीच्या बाजारात हातावर रुमाल टाकून भाव करतात, तसा आमचा तो सौदा झाला. फरक एवढाच की ते वर चढत होते आणि मी जागचा हलत नव्हतो. जाताना ते पेन ड्राइव्ह विसरले. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी ते पावणेअकराला आले. अण्णांना देवपूजेमुळं उशीर झाला होता. मी चहा सांगितला. चहा यायला वेळ लागला, कारण मी जवळच्या टपरीवरून न सांगता लांबच्या हॉटेलातून सांगितला होता. सर उभेच होते. चहा आल्यावर अण्णांनी बशीत ओतला आणि म्हणाले, "काय भानगड केलीस रे तू सरांशी?"

"भानगड त्यांची हाय अण्णा. मी नुसता काट्यावरचा गडी."

सरांनी घसा साफ केला. तो खणखणीत आवाज त्या दिवशी कुठं गेला होता कोण जाणे. ते म्हणाले, "मी बैठकीत यांच्याबद्दल चुकीचं बोललो. यांना काम येतं."

"माझ्यापेक्षा," मी म्हणालो.

"काय?"

"माझ्यापेक्षा चांगलं येतं, असं म्हणा."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "आता बास की लेका."

पण सर म्हणाले. सगळं म्हणाले. इथं मी थांबायला हवं होतं. सौदा पुरा झाला होता, मला माझा भाव मिळाला होता. भिंतीवर सव्वाअकरा वाजले होते. तो छापखानावाला मला सहा वर्षांपासून ठाऊक होता. बारा म्हणजे त्याचे बारा. संध्याकाळी लग्नपत्रिका असायच्या, म्हणून बाराला हाती असेल तेच प्रूफ तो मशीनवर चढवायचा, आणि मशीन एकदा लागली की बापाचंही ऐकायची नाही.

"चूक कुठं हाय ती बघून घ्या सर," मी म्हणालो. "न्हायतर पुढच्या खेपेला परत याल."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. प्रोग्रॅम असा लावला की एक बटण दाबलं की एकच पाऊल पुढं जाईल, आणि तो त्यांच्या मुलीच्या आधीच्या अर्जावर आणून थांबवला. ती जागा मी पहाटे उठून शोधून ठेवली होती.

"दाबा."

त्यांनी दाबलं. तिच्या आधीच्या मुलीचा आख्खा अर्ज वाचून झाला.

"आता कुठं उभा हाय?"

सरांनी पडद्याकडं पाहिलं. मास्तर माणूस, त्यांना लगेच कळलं. "पुढच्या अर्जाच्या सुरुवातीला."

"कुणाच्या?"

त्यांनी अण्णांकडं पाहिलं.

"आता तुमचाच प्रोग्रॅम काय म्हणतो ते बघा. पुढचं दे म्हणतो. दाबा."

"कळलं मला. तेवढी ओळ काढा."

"दाबा सर. कळलं म्हणणारी पोरं तुम्हीच नापास केली असतील."

त्यांनी दाबलं. नाव सुरू. दाबलं. मुलीचं नाव पडद्यावर आलं आणि बाजूच्या चौकटीत, जिथं जपून ठेवलेला मजकूर दिसतो, तिथं काहीच आलं नाही. दाबलं. नाव संपलं. जन्मतारीख आली आणि गेली. शिक्षण आलं, गेलं. उंची आली. "बघा, ट्रॉलीचं वजन न्हाय," मी म्हणालो. अण्णा यावेळी हसले नाहीत. मी प्रत्येक पावलाला थांबत होतो, मोठ्यानं वाचत होतो. अपेक्षा सुरू. "समजूतदार असावा. झालेल्या गोष्टीबद्दल पुन्हा पुन्हा विचारणारा नसावा." हे मी वाचलं तेव्हा दुकानात फॉर्म भरायला आलेल्या दोन बाया होत्या. त्यांनी माना वर केल्या.

सरांचं बोट बटणावर होतं. त्यांनी ते उचलून घेतलं.

"दाबा. अजून फोटो राहिलाय."

"अरे, ती माझी पोरगी हाय," सर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावाकडची बोली मी तेव्हाच ऐकली.

"बाकीच्याबी कुणाच्या तरी हायतच की."

बारा वाजायला पाच मिनिटं असताना मी तो शब्द खोडला. प्रोग्रॅम पुन्हा चालवला, सगळे अर्ज सापडले, पानं दुप्पट झाली. फाइल पाठवली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. अण्णांनी छापखान्याला फोन लावला. पलीकडून ऐकू आलं ते मला आधीच माहीत होतं. आहे तीच पुस्तिका मशीनवर चढली अण्णा, आता पुरवणी काढा.

पुरवणी मीच काढली, माझ्या प्रिंटरवर. दुकानात पांढरा कागद होता. मी पिवळा घेतला. समितीला सांगितलं की पिवळा उठून दिसतो. मेळाव्याला आलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, सुट्ट्या पिवळ्या कागदावरचं स्थळ म्हणजे काय ते तो सांगेल. उशिरा आलेलं, राहिलेलं, कुणी तरी आडून घुसवलेलं.

पुस्तिका शुक्रवारी एसटीनं परंड्याला गेली. पिवळे कागद रविवारी हॉलच्या दारात वाटले गेले. बऱ्याच जणांनी त्यावर जेवणाची पत्रावळ ठेवली.

स्टेजवर आधी पुस्तिकेच्या क्रमांकाप्रमाणे बोलावलं, पिवळे जेवणानंतर. परंड्याचे चुलते दुमडलेल्या कोपऱ्यांची माणसं भेटून मोकळे झाले होते. त्यांना दुपारची गाडी गाठायची होती. मी दाराशी उभा होतो. ते माझ्यासमोरून गेले, हातात पिवळा कागद चौकोनी घडी करून, त्यात सुपारी बांधलेली. सर त्यांच्या मागं दहा पावलं चालले, काही तरी म्हणाले. ते म्हातारबा न थांबता म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू की मास्तर, पुस्तकात घाला."

मुलीची पाळी आली तेव्हा चार वाजून गेले होते. मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. सूत्रसंचालक कंटाळून निघून गेला होता, म्हणून माईक सरांनीच घेतला. त्यांनी तिची माहिती वाचली. नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची. आवाज पुन्हा खणखणीत झाला होता आणि रिकाम्या हॉलमध्ये तो जरा जास्तच घुमला. अपेक्षा त्यांनी वाचली नाही. ती शेजारी उभी होती, हात समोर बांधून, वर्गात मुलं उभी राहतात तशी.

मला तेव्हा वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. मला बरं वाटलं. पाच महिन्यांचा ठणका त्या दिवशी उतरला.

खाली उतरल्यावर ती सरळ माझ्याकडं आली. "दादा, बाबांची चूक तुम्हाला कधी सापडली?"

तिनं विचारलं नसतं तर मी सांगितलं नसतं. पण विचारलं, आणि खोटं बोलून मला माझं काम कमी करून घ्यायचं नव्हतं. "बुधवारीच. दहा मिनिटांत."

तिनं मान हलवली. "म्हणजे खरंच चांगलं येतं तुम्हाला," असं म्हणाली आणि वडिलांची पिशवी उचलून निघाली. तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडं उत्तरं भरपूर असतात.

पुढच्या वर्षीपासून काम माझ्याकडं परत आलं, मी सांगेन त्या भावात. त्याला आता चार वर्षं झाली. दर वर्षी फाइल येते आणि मी ती एकदा प्रोग्रॅमनं वाचतो आणि एकदा बटण दाबत हातानं. हातानं वाचायची गरज नसते. पहिल्या वर्षी तिचा अर्ज आला, वयात एकची भर, अपेक्षेत फक्त "समजूतदार असावा". परंड्याच्या मुलाचं तोवर जमलं होतं, त्याच मेळाव्यातल्या एका दुमडलेल्या पानाशी. दुसऱ्या वर्षीही तिचा अर्ज आला. तिसऱ्या वर्षी अपेक्षा सुरू झाली आणि लगेच संपली, मध्ये मजकूर नव्हता. माझ्या प्रोग्रॅमनं तिन्ही वेळा तिचं पान नीट छापलं, पांढऱ्या कागदावर. सरांच्या स्वतःच्या प्रोग्रॅमनंही तेवढं केलं नव्हतं.

यंदा तिचा अर्ज नव्हता. मला वाटलं प्रोग्रॅमनं खाल्ला. मी फाइल पुन्हा चालवली. मग दुकान अर्धं बंद करून सकाळपासून दुपारपर्यंत एकेक पाऊल दाबत बसलो. अर्ज सुरू, अर्ज संपला, अर्ज सुरू. कुठंही उडी नव्हती. शेवटी फाइलनं सांगितलं, संपलं. त्याच्यापुढं कितीही वेळा पुढचं दे म्हटलं तरी काही येत नाही.

लग्न झालं असेल, किंवा तिनं नाव घालायचं सोडलं असेल. सरांचं घर माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून आहे. रोज सकाळी ते दुधाची पिशवी घेऊन समोरून जातात. हल्ली काठी आली आहे. बघत नाहीत. विचारलं तर सांगतील, मास्तर माणूस आहे. पण आधी मला बोलावं लागेल, आणि काट्यावरचा गडी ते म्हणाले होते, मी नाही.

मी शटर अर्धं वर करतो, ते जाईपर्यंत थांबतो, मग पूर्ण उघडतो.